चाळिसावा हूक

हूक तुटल्याची बातमी कारखान्यात आली ती मंगळवारी सकाळी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा तिला वाटलं, नेहमीप्रमाणे टॅग वाचणारा कुठला तरी रीडर रुसून बसला असेल. पण टेबलावर जाड प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत एका हुकाचे दोन तुकडे. तुटल्या जागी पोलाद मिठाच्या खड्यासारखं चमकत होतं. चांगलं पोलाद असं तुटत नाही. ते आधी वाकतं, ताणतं, खालच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ देतं.

साहेब हळू आवाजात सांगत होते. एका गॅरेजमध्ये चेन पुलीला टांगून इंजिन वर घेत होते. साखळीला जरासा हिसका बसला, हूक मानेपाशी काडकन तुटला आणि इंजिन खाली वाकलेल्या मिस्त्रीच्या अंगावर आलं. दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही. चाळीस-बेचाळीसचा माणूस, मागे बायको आणि दोन मुली.

"टॅग शाबूत आहे," साहेब म्हणाले. "आता तुझ्या यंत्रणेलाच विचार, हा हूक कुणाच्या हातून कसा बाहेर पडला ते."

मिस्त्री गेल्याचं तिने नुकतंच ऐकलं होतं. तरी खरं सांगायचं तर, टॅग शाबूत आहे हे ऐकून क्षणभर तिला बरं वाटलं. एवढ्या दणक्यात टॅग टिकला. त्या बरं वाटण्याची लाज तिला पुढे कधी सोडून गेली नाही.

कारखान्यात तिला सगळे टॅगताई म्हणत. चार वर्षांपूर्वी ही यंत्रणा तिनेच उभी केली होती. प्रत्येक हुकाच्या मानेत बारीक भोक पाडून त्यात तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा टॅग बसवायचा. त्याला बॅटरी नाही की वायर नाही. खात्याच्या दारातल्या रीडरच्या कमानीजवळ गेला की तो जागा होतो, आपला नंबर सांगतो आणि पुन्हा झोपी जातो. भट्टीच्या आचेत मात्र टॅग टिकत नाही. म्हणून भट्टीचं काम होईपर्यंत टॅग असायचा तो गाडीला, म्हणजे ज्या ढकलगाडीवर हुकांची जाळी ठेवतात तिला. कुठली गाडी कुठल्या खात्यात कधी शिरली, कधी निघाली, तिथे कामावर कोण होतं, सगळं आपोआप नोंदलं जायचं.

पहिले सहा महिने तिची फजितीच झाली. लोखंडाच्या कारखान्यात लोखंडच आडवं यायचं. कमानी भलतंच सांगायच्या, एकच गाडी एकाच वेळी दोन खात्यांत दिसायची. तेव्हा तिला सगळ्यांत जास्त चिडवलं ते मामाने. "तुझी गाडी गुणाची आहे हो, दोन्हीकडे हजर. आमचे फोरमन दोन्हीकडे नसतात," असं तो भट्टीपाशी उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. आणि सगळ्यांत आधी जुन्या कामगारांना दटावून गाड्यांना टॅग लावून घेतले तेही मामानेच.

मामा तीस वर्षं भट्टीवर होता. अख्खा कारखाना त्याला मामा म्हणायचा, सख्खा तो एकटा तिचा. ती सात वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. आई एक ट्रंक आणि तिला घेऊन भावाच्या दारात येऊन उभी राहिली, आणि पाच वर्षांनी आजारपणात तीही गेली. मामा-मामीला मूल नव्हतं. पोरीची आबाळ होऊ द्यायची नाही असं त्या दोघांनी बोलून दाखवलं नाही, नुसतं केलं. मामाच्या भुवया भट्टीच्या झळीने कायम अर्धवट जळलेल्या असायच्या. शाळेत मुली हसायच्या म्हणून तिने एकदा त्याला पालकसभेला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. तो मामीच्या पेन्सिलीने भुवया काढून आला. तिच्या इंजिनीअरिंगच्या चारही वर्षांत त्याने एक दिवस रजा घेतली नाही. घरी ती त्याला तू म्हणायची, कारखान्यात तुम्ही. तो दोन्हीकडे तिला ठकीच म्हणायचा.

दुपारी तिने तुकड्यावरचा टॅग वाचला. नंबर मिळाला, नंबरावरून जाळी मिळाली, जाळीवरून गाडी. चाळीस हुकांची ती जाळी होती, गेल्या वर्षीची. मोठ्या भट्टीतल्या वेळा बरोबर होत्या, तेलाच्या टाकीतल्याही. मग लहान भट्टी.

लाल तापवून तेलात बुडवलेलं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून त्याला लहान भट्टीत मंद आचेवर दोन तास पुन्हा तापवायचं. म्हणजे कडकपणा राहतो आणि ठिसूळपणा जातो. याला टेम्परिंग म्हणतात, आणि त्यात मामाचा हात धरणारा कारखान्यात कुणी नव्हता.

आत, दहा बावन्न. बाहेर, अकरा चोवीस.

बत्तीस मिनिटं.

रीडर चुकला असेल म्हणून तिने दुसऱ्या अँटेनाची नोंद काढली. तीच वेळ. मधल्या कमानीची काढली, तीही तेच सांगत होती. यंत्रणेच्या तोंडून एक खोटं निघू नये म्हणून चार वर्षं तिने जिवाचं रान केलं होतं. त्या दुपारी तीच बाई स्क्रीनपुढे बसून, यंत्रणा खोटं बोलत असू दे, म्हणून जीव मुठीत धरून एकेक नोंद उघडत होती. मग तिने तारीख बघितली, आणि पुढची नोंद उघडायची गरजच राहिली नाही.

तो पाहुण्यांचा दिवस होता. मोठ्या गिऱ्हाईकाची सहा माणसं यंत्रणा बघायला आली होती. डोक्यावर पांढऱ्या टोप्या घालून ती मोठ्या स्क्रीनपुढे उभी होती, आणि स्क्रीनवर काहीच हलत नव्हतं. हलणार कसं? सगळ्या गाड्या आपापल्या कामात अडकलेल्या. साहेब घाम पुसत होते. पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ बघितलं, तशी ती पळत भट्टीकडे गेली.

मामाला तिने सांगितलं की एक गाडी काढा, कमानीतून जाऊ द्या, स्क्रीनवर दिसली की लगेच परत आत घाला. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. मामाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अर्धाच तास झालाय, म्हणाला, अर्धवट काढलेलं मला आवडत नाही.

"मामा, माझ्यासाठी," ती म्हणाली.

त्याने भट्टीचं दार उघडलं. आकड्याने जाळी गाडीवर ओढली, गाडी कमानीतून पलीकडे ढकलली. स्क्रीनवर नंबर उडी मारून पुढच्या रकान्यात गेला, ओळ हिरवी झाली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांना फोटोत भट्टीवाला हवा झाला. मामा गाडीकडे बघत मागे रेंगाळला, तर तिनेच त्याचा हात धरून त्याला ओढत नेलं. त्याचा जोडीदार जेवायला गेला होता. गाडी निववायच्या जागेवर उभी राहिली, आणि पुढच्या खात्यातल्या लोकांनी आपल्या स्क्रीनवर हिरवी ओळ बघून ती नेली. गाडी कमानीतून बाहेर पडली म्हणजे काम पूर्ण, हा नियम तिनेच यंत्रणेत लिहिला होता. किती वेळ आत होती तेही तपासायचं, हे तिच्या वहीत 'नंतर करायचं' या मथळ्याखाली होतं.

तीन वाजता, पाहुण्यांच्या जेवणावळीतून सुटल्यावर, मामा तिला शोधत आला होता. हे तिला आता इतकं लख्ख आठवलं, की तिने डोळे मिटून घेतले. ती पाहुण्यांच्या मोटारी फाटकातून काढून देत होती. "ठके, ती जाळी?" त्याने विचारलं. तिने हातातल्या स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाली, "झालंय मामा, पूर्ण दाखवतंय."

"जोडीदाराने घातली असेल परत," मामा म्हणाला. "तू म्हणतेस म्हणजे झालं."

त्या लॉटमध्ये तीन जाळ्या होत्या. तपासणीला नमुना गेला तो दुसऱ्या जाळीतला. प्रत्येक हूक वजन लावून ओढून बघतात, पण हळूहळू ओढलं तर ठिसूळ हूकही टिकतो. हिसका बसला की जातो.

संध्याकाळी ती मामाच्या घरी गेली. तिच्या खोलीपासून दोन गल्ल्यांचं अंतर, पण तिला ते सरेना. मामी ओट्यापाशी कांदा चिरत होती. मामा दाराच्या पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. तिला बघून त्याने सुई खाली ठेवली. त्याला कळलं आहे हे तिला लगेच दिसलं. तुटलेली जागा कशी दिसत होती आणि लॉट कधीचा होता, एवढं कुणाकडून ऐकलं तरी त्याला पुरेसं होतं.

"बत्तीस मिनिटं," ती म्हणाली.

"मला वाटलं अर्धा तास," मामा म्हणाला. "म्हणजे दोन मिनिटं जास्तच दिली मी."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मग तिने सांगितलं की उद्या ती साहेबांना सगळं सांगणार आहे. जाळी काढायला तिने लावलं, पूर्ण झालंय असं तिने सांगितलं, नियम तिचा होता.

"तुझ्या त्या यंत्रात तुझं नाव आहे?" मामाने विचारलं.

"नाही."

"कुणाचं आहे?"

"तुझं. हजेरीच्या कार्डावरचं."

"मग त्याला जेवढं ठाऊक आहे तेवढंच राहू दे."

"मामा, मी म्हटलं नसतं तर..."

"तू म्हटलंस. पण दार उघडायचं की नाही ते तुझ्या हातात नव्हतं. तीस वर्षं भट्टीवर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलो, भट्टीपाशी कुणाचं ऐकायचं नाही, साहेबाचंसुद्धा नाही. आणि मी ऐकलं." त्याने सुई पुन्हा उचलली, पण त्याला दोऱ्याचं टोक सापडेना. मामी आतून हात पुसत आली, त्याच्या हातातून चप्पल काढून घेतली आणि स्वतः शिवायला बसली.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात पोचायच्या आधी मामा साहेबांकडे जाऊन आला होता. घाईत होतो, जाळी आधीच काढली, परत घालायची राहिली, असं त्याने लिहून दिलं होतं आणि खाली सही केली होती. साहेबांनी तिला बसायला सांगितलं. तिच्या सख्ख्या मामाचंच नाव निघावं याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. पण तिने नोंद लपवली नाही याचं त्यांनी कौतुक केलं. यंत्रणेने आपलं काम चोख केलं, चूक माणसाची निघाली, असं ते दोनदा म्हणाले.

तिने बोलायला तोंड उघडलं होतं.

त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आधी बाकीचे हूक परत आणू, मग बोलू, असं तिने स्वतःला समजावलं, आणि हे काम खरोखरच घाईचं होतं. एक हूक तुटला होता आणि त्याच जाळीतले एकोणचाळीस हूक कुठे ना कुठे कुणाच्या तरी डोक्यावर लोंबत होते. प्रत्येकाचा नंबर तिच्याकडे होता. कुठल्या खोक्यातून कुठल्या गोदामात गेला, तिथून कुठल्या दुकानात, हे यंत्रणा बिनचूक सांगत होती. त्यापुढे ती दुकानदाराला गिऱ्हाईक विचारायची, फोन करायची, उत्तर नाही आलं की स्वतः जायची. हातातला रीडर हुकाच्या मानेला लावला की टॅग जागा व्हायचा आणि नंबर सांगायचा. लोक तिला चहा विचारायचे, एवढी काळजी घेणारी कंपनी पाहिली नाही म्हणायचे. ती मान खाली घालून हूक काढून घ्यायची. मामाला तोवर घरी बसवलं होतं. नव्या दिवसाच्या हजेरीत त्याचं कार्ड दिसत नव्हतं, तरी ती रोज सकाळी ते शोधायची.

नवव्या दिवशी यादीत दोन राहिले. त्यातला एक त्या मिस्त्रीच्याच घरी निघाला. त्याने दोन चेन पुल्या घेतल्या होत्या, एक गॅरेजमध्ये, दुसरी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

हे काम दुसऱ्या कुणावर ढकलता आलं असतं, पण ती स्वतः गेली. दार मिस्त्रीच्या बायकोने उघडलं. बारीक चणीची बाई होती, केस ओले, खांद्यावर टॉवेल. तिने काही विचारलं नाही, शेड दाखवली. पुली काढताना तिनेच शिडी धरली. हूक पिशवीत ठेवून झाल्यावर ती म्हणाली की परवा कारखान्यातले एक वयस्कर गृहस्थ येऊन गेले.

"भुवया नव्हत्या त्यांना," ती म्हणाली. "तिथे त्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, माझ्या हातून झालं. पाणी दिलं तर घेतलं नाही. रडले वगैरे नाहीत. स्वतःचे हात बघत होते नुसते."

मग तिला ते लपवता आलं नाही. शेडच्या दारात उभं राहूनच तिने सगळं सांगितलं. पाहुणे, स्क्रीन, 'माझ्यासाठी' म्हणाल्याचं, तीन वाजता काय सांगितलं ते. बाईने सगळं ऐकून घेतलं.

"ते म्हणाले, माझ्या हातून झालं. तुम्ही म्हणता, माझ्या सांगण्यावरून झालं," ती शेवटी म्हणाली. "ताई, मी याचं काय करू? रोज सकाळी जाग आली की मला वाटतं, हे बाहेर गाडी पुसत असतील. मग आठवतं. तुमच्या दोघांत कुणाचं ते ठरलं, तर एवढं तरी थांबेल का?"

तिने हुकाची पिशवी उचलली. ती निघाली. फाटकापाशी पोचली तेव्हा बाईने मागून हाक मारली.

"मुली मोठ्या झाल्या की विचारतील. तेव्हा मला खरं ते सांगता आलं पाहिजे. आत्ता सांगितलंत ते लिहून द्या."

मुलींच्या वहीचा एक कागद बाईने आणून दिला. तिने तो जेवणाच्या टेबलापाशी बसून लिहिला, खाली सही केली, तारीख घातली. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर तिने साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि कागद खणात ठेवला. एका माणसाने कबूल केलंय, त्यात आता आणखी एक नाव घालून मेलेला माणूस परत येणार आहे का, असं त्यांनी विचारलं. उद्या गिऱ्हाईक म्हणेल की यंत्रणा बघायला आलो म्हणून हूक कच्चा निघाला. मग कमानीवर विश्वास कोण ठेवेल? त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हेच अवघड होतं. तिने तिसरी प्रत काढली आणि कारखान्यांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे नेऊन दिली.

चौकशी झाली. दोघांवर ठपका आला. तिला यंत्रणेवरून काढून खोकी बांधायच्या खात्यात पाठवलं. जायच्या आधी तिने शेवटचा नियम तेवढा लिहिला, की दोन तास भरल्याशिवाय लहान भट्टीतून गाडी निघाली तर कमान ओरडेल आणि पुढच्या खात्याला ती गाडी दिसणारच नाही. हा नियम लिहायला तिला वीस मिनिटं लागली. मामाचा दोष तिच्या कबुलीमुळे कमी झाला नाही. त्याची नोकरी गेली ती गेलीच.

निकाल कळला त्या संध्याकाळी मामा तिच्या खोलीवर आला. एरवी तो चपला दाराबाहेर काढून थेट स्वयंपाकघरात शिरायचा, झाकणं उघडून काय केलंय ते बघायचा. त्या दिवशी तो चपलांसकट उंबऱ्यात उभा राहिला.

"बस ना," ती म्हणाली.

"बसायला नाही आलो." त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्याने तिच्यावर आजवर कधी आवाज चढवलाच नव्हता. "तुला द्यायला माझ्याकडे आयुष्यात होतं काय? शाळा सरकारची, पुस्तकं दुसऱ्यांनी वापरलेली. नोकरी तू तुझ्या अकलेवर मिळवलीस. एवढं एकच द्यायला होतं माझ्याकडे. तेही तू घेतलं नाहीस."

"मला ते पेललं नसतं मामा."

"मला पेलत होतं," तो म्हणाला. "आता माझंही गेलं आणि तुझंही गेलं. त्या बाईचं तर काय, गेलंच आहे."

तो वळला आणि जिना उतरून गेला. कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत गेला. ती मागे गेली नाही. आपण मागे जायला हवं होतं की नको, हे तिला आजही ठरवता येत नाही.

त्यानंतर ती दर रविवारी जात राहिली. दार मामी उघडायची, चहा टाकायची, कारखान्यातलं विचारायची. मामा मागच्या दाराने निघून गेलेला असायचा, किंवा आतल्या खोलीत झोपलेला असायचा. तो झोपलेला नाही हे तिघांनाही माहीत असायचं. एकदा मामी निरोप द्यायला फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "राग नाही गं तो. तुझ्याकडे बघितलं की त्यांना तो दिवस दिसतो. तुला पण तेच होत असेल ना?" तिने मान हलवली. होत होतंच.

यादीतला शेवटचा हूक तेवढा राहिला. यंत्रणेने त्याला एका अवजारांच्या दुकानापर्यंत पोचवलं होतं आणि तिथे त्याचा माग संपत होता. दुकान बंद झालेलं, मालक परदेशी लेकाकडे गेलेला, उरलेला माल कुणी कुणी उचललेला. साहेबांनी वर्तमानपत्रात निवेदन दिलं, दुकानदारांना पत्रं पाठवली आणि कारखान्याच्या लेखी विषय मिटला. पण टॅग स्वतःहून हाक मारत नाही. कुणी रीडर घेऊन वीतभर अंतरावर गेलं तरच तो बोलतो, एरवी गप्प असतो.

म्हणून ती सुट्टीच्या दिवशी शोधायला निघायची. कारखान्यातून बाद झालेला एक जुना रीडर तिने मागून घेतला होता. त्या दुकानाच्या आसपासची गॅरेजं, वर्कशॉप, विहिरींचे पंप दुरुस्त करणारे, संगमरवर कापणारे, जिथे म्हणून वजन उचलतात तिथे ती जायची आणि वर बघून विचारायची, तुमची पुली जरा बघू का?

एका गॅरेजवाल्याने तिला हसून सांगितलं की गेल्या आठवड्यात एक म्हातारबाबा हेच विचारत आले होते. त्यांच्याकडे यंत्र वगैरे काही नव्हतं. हूक खाली घ्यायला लावला, पुसला, छोट्या हातोडीने हलकेच ठोकून कान लावला आणि हा नव्हे म्हणाले. पुढे आणखी दोन ठिकाणी तिला तेच ऐकायला मिळालं. काही ठिकाणी तो तिच्या आधी येऊन गेलेला असायचा, काही ठिकाणी ती त्याच्या आधी. तिने एका वर्कशॉपवाल्याकडे आपल्या यादीची नक्कल ठेवली, कुठली ठिकाणं बघून झाली त्याची. म्हातारबाबा आले तर द्या, म्हणाली. पुढच्या वेळी गेली तेव्हा यादी तिथेच होती, पण तिच्यात पेन्सिलीने अकरा नावांवर रेघा मारलेल्या होत्या. त्यातली सहा तिने बघितलेली नव्हती.

समोरासमोर ती दोघं एकदाच आली. भंगारवाल्याच्या आवारात, दुपारी तीनच्या सुमाराला. गंजलेल्या साखळ्यांच्या ढिगापाशी मामा गुडघ्यावर बसला होता. तो वाळला होता. भुवया मात्र पुन्हा आल्या होत्या, दाट आणि पांढऱ्या. तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या धड पाहिल्या आणि तिला रडू आवरेना. तिने तोंड फिरवलं.

मामाने तिला बघितलं. मग ढिगातून आपल्या कारखान्याच्या घडणीचा एक हूक उचलला आणि तिच्यापुढे धरला. तिने रीडर लावला. टॅग जागा झाला, नंबर आला.

"हा नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, हूक खाली ठेवला, दुसरा उचलला. सगळा ढीग त्यांनी मिळून बघितला. तो उचलून धरायचा, ती वाचायची, दोघांचा हात एकमेकांना लागणार नाही असा. तासाभरात ती एवढे दोनच शब्द बोलली, पुन्हा पुन्हा, हा नाही, हा नाही. काम संपल्यावर मामा उठला, गुडघे झटकले आणि पुढच्या बुधवारी नदीपलीकडची वर्कशॉप बघणार आहे, असं भंगारवाल्याकडे बघत म्हणाला. मग ती नदीअलीकडची बघेल, असं तीही भंगारवाल्याकडेच बघून म्हणाली.

स्टॉपवर दोघं एकाच बसची वाट बघत उभी राहिली. बस आली. मामा पुढे खिडकीशी बसला, तिकीट काढलं आणि बाहेर बघू लागला. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. ती क्षणभर तिथे थांबली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या मांडीवर रीडर होता, त्याच्या पायाशी हातोडीची पिशवी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गॅरेजं लागत होती. प्रत्येक गॅरेज आलं की मामाची मान त्या बाजूला वळायची, आत छताकडे काय टांगलंय ते बघायला, आणि तिचीही वळायची.